हायस्कूलचा दहा वर्षांचा तक्ता

(कोकणातील एका तालुक्यात मुख्याध्यापक आणि संस्थाचालकांपुढे दिलेले व्याख्यान, संपादित)

मंडळी, दहावीचा निकाल लागला की आपल्या कोकणाला आनंद होतो आणि तो व्हायलाच हवा. २०२४ च्या परीक्षेत कोकण मंडळाचा निकाल ९९.०१ टक्के होता, २०२५ साली ९८.८२. दोन्ही वेळा राज्यात पहिला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गचे वेगळे मंडळ झाल्यापासून हा मान आपण राखला आहे. पण त्याच बातमीत खाली आणखी एक आकडा छापलेला असतो. राज्यातून पंधरा लाखांवर मुले परीक्षेला बसतात आणि आपल्या दोन जिल्ह्यांतून तीस हजारसुद्धा भरत नाहीत. आज मी त्या खालच्या आकड्याबद्दल बोलणार आहे.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरी जिल्ह्याची सुमारे ८२ हजारांनी आणि सिंधुदुर्गाची सुमारे १९ हजारांनी घटली. त्यानंतरच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९ ते २१ च्या पाहणीत, राज्याचा जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुले, १.७ आला. पिढी तेवढीच राहायची तर तो २.१ लागतो. आपल्याकडे त्यावर स्थलांतराची भर आहे. लग्न झालेले जोडपे विरारला, दिव्याला, बदलापूरला खोली घेते. मूल तिकडे जन्मते, तिकडच्याच शाळेत जाते आणि गावाला गणपतीत, शिमग्यात येते. तेव्हा पट कमी झाला म्हणून गुरुजी शिकवत नाहीत असे जे बोलले जाते, ते मला मान्य नाही. शिकवणे उत्तम असूनही वर्ग रिकामे होत आहेत.

मग नियोजन कुठून सुरू करायचे? अंगणवाडीतून. आज अंगणवाडीत खिचडी खाणारे मूल आठ-नऊ वर्षांनी तुमच्या आठवीच्या दारात उभे राहणार आहे. ते जन्मलेले आहे, त्याचे नाव सेविकेच्या वहीत आहे. तुमच्या हायस्कूलला ज्या ज्या वाड्यांतून मुले येतात, त्या प्रत्येक अंगणवाडीत जाऊन जन्मवर्षाप्रमाणे आकडे उतरवून घ्या. त्याखाली जिल्हा परिषद शाळेचे पहिली ते सातवीचे आकडे मांडा. एका मोठ्या कागदावर पुढच्या जवळजवळ दहा वर्षांचा पट दिसतो. हाच आपला तक्ता. हे काम लिपिकावर ढकलू नका. मुख्याध्यापकाने स्वतः वाडीवाडीत फिरावे, कारण फिरताना आकड्यांच्या पलीकडचेही कळते. कोणते कुटुंब पुढच्या वर्षी मुंबईला निघाले आहे, कोणत्या वाडीतल्या मुली पावसाळ्यात पऱ्ह्याला पाणी आले की चार-चार दिवस घरी बसतात, हे यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती नोंदणीच्या, अर्जात येत नाही.

आता दुसरा रकाना. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे सरकार ठरवते, आणि त्यावर पदे ठरतात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने निकष बदलले तेव्हा कमी पटाच्या शाळांत किती धास्ती होती, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण पट सांभाळूनही शाळा अडते ती निवृत्तीपाशी. गणित-विज्ञानाचे सर अठ्ठावन्न वर्षांचे झाले की त्या महिन्याच्या शेवटी जाणार, ही तारीख त्यांच्या सेवापुस्तकात पहिल्या दिवसापासून लिहिलेली आहे. तरी आपण निरोप समारंभाच्या आठवड्यात विचारतो, आता गणित कोण घेणार? नवे पद भरायचे तर बिंदुनामावली, म्हणजे कोणते पद कोणत्या आरक्षणाचे याची यादी, तपासून घ्यायची, पद रिक्त असल्याची मान्यता आणायची, अतिरिक्त शिक्षकांच्या समायोजनाची वाट पाहायची आणि मग शिक्षक भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवर जाहिरात. यात वर्षे निघून जातात. म्हणून तक्त्यात पटाच्या शेजारी प्रत्येक शिक्षकाचे निवृत्तीचे वर्ष आणि विषय लिहा. दोन वर्षे आधी बिंदुनामावलीचा प्रस्ताव हलला पाहिजे. दहावीच्या वर्गाला सहामाहीपर्यंत गणिताचा शिक्षक नसणे हा त्या मुलांवरचा अन्याय आहे. त्या मुलांना दहावी पुन्हा मिळत नाही.

शिक्षकेतरांची गोष्ट थोडक्यात सांगतो. डिसेंबर २०२० च्या निर्णयानंतर शिपायाचे नियमित पद रिकामे झाले की त्याजागी ठोक भत्ता येतो. त्या रकमेत दिवसभर माणूस मिळत नाही. वेतनेतर अनुदान केव्हा आणि किती येईल याचा भरवसा नाही. आणि कौले मात्र दर वर्षी मृगाच्या आधी परतावीच लागतात.

इथे मला मुंबईकरांशी बोलायचे आहे, काही जण समोर बसले आहेत. आपली बहुतेक हायस्कूले चाकरमान्यांच्या घामाच्या पैशांतून उभी राहिली. गिरणीत, गोदीत काम करून त्यांनी वर्गणी पाठवली. त्यांचे ऋण मोठे आहे. आजही देणगी येते, पण ती नव्या खोलीसाठी, सभागृहासाठी, नाव कोरलेल्या फरशीसाठी येते. ज्या शाळेचा पट पाच वर्षांनी निम्मा होणार आहे, तिला आणखी दोन खोल्या कशाला? माझे स्पष्ट मत आहे की यापुढे देणगी ठेवीच्या रूपाने घ्यावी. तिच्या व्याजातून प्रयोगशाळेचा मदतनीस, संगणकाची दुरुस्ती, तासिकेवर घेतलेला विज्ञानाचा शिक्षक, आणि उरेल त्यातून कौलांचा खर्च भागवावा. फलक लावायचाच असेल तर तो प्रयोगशाळेच्या दारावर लावू, मी स्वतः लावायला येईन.

आता अवघड विषय. पाच-सहा किलोमीटरवर दोन हायस्कूले, दोन्हींचा पट उतरता, दोन संस्था वेगळ्या. मोठ्या संस्थेला आपल्याच एका शाळेतला शिक्षक दुसऱ्या शाळेत पाठवता येतो. एकच शाळा चालवणाऱ्या संस्थेला ही सोय नाही. तिचा विज्ञान शिक्षक गेला की विज्ञान गेले. अशा संस्थांनी एकमेकींशी बोलायला आज सुरुवात करावी. प्रयोगशाळा एकत्र वापरणे, सराव परीक्षा एकत्र घेणे याला कुणाची परवानगी लागत नाही. पुढे व्यवस्थापन एक करायचे ठरले तर रीतसर हस्तांतरणाचा मार्ग आहे. आजोबांनी काढलेली संस्था दुसऱ्याच्या हाती कशी द्यायची, हे दुःख मी समजू शकतो. पण त्या आजोबांनी संस्था काढली होती मुले शिकावीत म्हणून.

दोन शाळा एकत्र करताना एक अट मात्र मी सोडणार नाही. शिक्षणहक्काचा कायदा चौदा वर्षांपर्यंत, आठवीपर्यंत हात देतो. नववी-दहावीच्या मुलीला त्याचा आधार नाही. शाळा लांब गेली की पहिली घरी बसते ती हीच मुलगी. अहिल्याबाई होळकर योजनेत तिला एसटीचा पास फुकट आहे, पण फेरीच नसेल तर पासाचे काय करायचे? म्हणून आधी फेरी, मग एकत्रीकरण. आगार व्यवस्थापकाला नुसती विनंती करून भागत नाही. कोणत्या थांब्यावर किती मुली, सकाळी किती वाजता, शनिवारी सुटायची वेळ कोणती, असे लेखी द्यावे लागते. आणि हे सगळे आकडे त्याच तक्त्यात तयार असतात.

गणपतीत मुंबईकर गावी येतील, ग्रामसभेला माणसे जमतील. त्याआधी तक्ता पुरा करा आणि शाळेच्या व्हरांड्यात लावा, पालकांनाही वाचू द्या. एक प्रत शेजारच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना नेऊन द्या आणि त्यांची मागून घ्या.