हुकूमनामा हातात, जागा कुलपात

फाटकाला कुलूप आहे. बाहेर कोर्टाचा बेलिफ उभा आहे. हातात कब्जा वॉरंट, सोबत दोन पंच. जमिनीचा भाडेपट्टा संपून वर्षं लोटली, दावा निकाली लागला, जागा खाली करून देण्याचा कोर्टाचा हुकूमनामाही झाला. आज ताबा मिळणार म्हणून मालक सकाळपासून इथं थांबलाय.

तेवढ्यात आतून एक जण येतो, नोटरी केलेला कागद पुढे धरतो. "मी भाडेकरू नाही. माझा ताबा वेगळा आहे."

बेलिफ अहवाल लिहितो : हरकत घेतल्याने ताबा देता आला नाही. वॉरंट कोर्टात परत.

ही दरखास्तीची, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी करून घेण्याची पायरी. खरी दमछाक इथं होते. हुकूमनामा मिळाल्यावरच भारतातल्या पक्षकाराच्या अडचणी सुरू होतात, असं प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयानं, 1872 मध्येच म्हटलं होतं.

आता मालकाला 30 दिवसांत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 97 खाली अर्ज द्यावा लागतो. पूर्वी अशा वादासाठी वेगळा दावा लावावा लागे. 1976 च्या दुरुस्तीनंतर मालकी-हक्काचा प्रश्नसुद्धा दरखास्तीचं कोर्टच ठरवतं. म्हणजे पुन्हा पुरावे, पुन्हा उलटतपास. आणि तो निर्णय हुकूमनाम्यासारखाच धरला जातो, म्हणून त्यावर अपीलही आलंच.

अडवणारा प्रत्येक जण खोटा नसतो, हे मान्यच करायला हवं. ज्याचा स्वतंत्र हक्क आहे, त्याचं म्हणणं न ऐकता त्याला बाहेर काढणं हाही अन्यायच. पण दावा चालू असताना भाडेकरूनं ज्याला जागा देऊन टाकली, त्याला नियम 102 हे संरक्षण देत नाही. तशी हरकत पहिल्या काही तारखांतच निकाली निघायला हवी.

सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये दरखास्तीसाठी सहा महिन्यांची मुदत घालून दिली. तरी ऑक्टोबर 2025 मध्ये त्याच न्यायालयापुढं आलेला देशभरातल्या प्रलंबित दरखास्तींचा आकडा 8 लाख 82 हजारांच्या वर होता.

फाटकाशी परत येऊ. हरकत फेटाळली गेली, नवं वॉरंट निघालं. बेलिफ आधी ताकीद देतो, मग कुलूप तोडलं जातं. आतलं सामान बाहेर येतं, त्याची यादी होते. कब्जेपावतीवर मालक सही करतो, खाली पंच. फाटकाला आता त्याचं कुलूप आहे.