48 व्होल्टचं ड्रिल आणि घरची बिजागरी

नमस्कार मंडळी. परवा कोल्हापुरात उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर ओळखीचे एक काका भेटले, पिशवीतनं नवंकोरं बॅटरीचं ड्रिल काढलं आणि म्हणाले, बघ, 48 व्होल्टचं हाय, ऑनलाइन मागवलं, लई स्वस्त पडलं. आता हातात धरल्यावरच मला जरा शंका आली, म्हणून शेजारच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानातनं मल्टीमीटर आणून बॅटरीला लावला, तर फुल चार्ज बॅटरी दाखवतेय 20 आणि वर थोडं. काकांचा चहा तिथंच निवला.

त्याचं असं आहे बघा, या मशीनमधला लिथियमचा एक सेल धरतात 3.6 व्होल्टचा, पूर्ण चार्ज झाला की तो 4.2 पर्यंत जातो. पाच सेल ओळीनं जोडले की झाले 18, आणि फुल चार्जला 21. म्हणजे कुणी 18 लिहितं, कुणी 20 मॅक्स, कुणी 21, आतला माल तेवढाच. तीन सेलचं असेल तर 10.8, त्यालाच 12 म्हणून विकतात. बाकी 36, 48 असले आकडे एवढ्याशा मशीनवर दिसले की तो स्टिकर समजायचा, व्होल्ट न्हवं.

मग घरच्या कामाला घ्यायचं कुठलं? माझं मत सरळ आहे, पयलं मशीन 12 व्होल्टचं घ्या. बॅटरीसकट साधारण किलोभर वजन, 18 चं घेतलं तर दीड किलोच्या आसपास जातं, आणि अर्धा किलोनं काय फरक पडतो म्हणणाऱ्यानं एकदा स्टुलावर उभं राहून पडद्याच्या रॉडचे सहा स्क्रू बसवून बघावेत. शिवाय कपाटाच्या आत, ओट्याखाली, बिजागरीच्या बाजूला हात घालायला जागा किती असते? तिथं आखूड नाकाचं मशीनच जातं. ज्याला रोज सागवानात मोठी भोकं पाडायची आहेत त्यानं 18 चं घ्यावं, ते वेगळं.

पण व्होल्टपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे चकच्या, म्हणजे बिट धरणाऱ्या तोंडाच्या, मागं आकडे लिहिलेली जी रिंग असते ना, क्लच, ती. निम्मे लोक ती घेतल्यापासनं कधी फिरवतच नाहीत, ती आपली ड्रिलच्या खुणेवर कायमची. मीच केलेला घोळ सांगतो. आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाची बिजागरी ढिली झाली, कपाट भुश्याच्या बोर्डाचं, आणि मी शाणा, वायरचं मोठं ड्रिल घेऊन स्क्रू आवळायला बसलो. अर्ध्या सेकंदात स्क्रू आतल्या आत गरगरा, भोक मोठं, मग फेव्हिकॉल लावून आगपेटीच्या काड्या ठोकत बसलो आणि बायको दारात उभी राहून बघतेय. त्याऐवजी बॅटरीचं मशीन घेऊन क्लच 3-4 वर ठेवला असता तर स्क्रू टेकल्याबरोबर कटकट आवाज करून मशीननं जोर सोडला असता. लहान आकड्यापासनं सुरू करायचं, स्क्रू पूर्ण बसत नसेल तर एकेक वाढवायचा, आणि स्क्रूसाठी वरचं गिअरचं बटन 1 वर, म्हणजे फिरणं हळू आणि ताकद जास्त.

आता दुकानदार म्हणतो इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, लई पॉवर. खरंय, त्यात आत हातोडीसारखे ठोके फिरण्याच्या दिशेनंच बसतात, लांब स्क्रू लाकडात लोण्यासारखा जातो आणि हाताला पीळ पडत नाही. पण बहुतेकांना ती क्लचची रिंग नसते, चकही नसतं, पाव इंची षटकोनी बिटच लागतो, आणि आवाज असा की दुपारच्या वेळी शेजारी दार वाजवतील. दुसरं मशीन म्हणून झकास, पयलं म्हणून नको.

भिंतीचं काय? विटेच्या भिंतीत गिट्टी, म्हणजे स्क्रू धरणारा प्लग, बसवायला दोन सुताची (पाव इंची) चार भोकं मारायची तर हॅमरची खूण असलेलं 12 चं मशीन चालतं. स्लॅब, बीम किंवा जुन्या वाड्याचा काळा दगड असेल तर 12 च्या नादाला लागू नका, एसडीएसवालं, म्हणजे बिट खाचेत अडकवायचं, वायरचं रोटरी हॅमर तासभर भाड्यानं आणा. आणि भोक पाडताना मधेमधे बिट बाहेर काढून भुगा झाडायचा. ही चूक चंद्रावरसुद्धा नडलीय! 1971 ला अपोलो 15 च्या वेळी बॅटरीचं ड्रिल चंद्रावर नेलं होतं, पण बिटाच्या नळ्यांना जिथं जोड होता तिथं भुगा वर यायच्या खाचा नीट नव्हत्या, भुगा अडकला, बिट रुतला आणि ठरलेल्या खोलीपर्यंत गेलाच नाही. मशीनचा दोष नव्हता, भुग्याला वाटच नव्हती.

बॅटरीचं एक लक्षात ठेवा, एका कंपनीची दुसरीला बसत नाही, त्याच कंपनीची 12 ची सहसा 18 ला पण बसत नाही. म्हणून मशीनआधी नुसती जादा बॅटरी केवढ्याला आणि लक्ष्मीपुरीत नाहीतर तुमच्या जवळच्या दुकानात मिळते का ते विचारा. शक्यतो दोन बॅटऱ्यांचा सेट घ्या. वापर नसेल तेव्हा निम्मी चार्ज करून सावलीत ठेवायची, पार उतरवून महिनोनमहिने टाकून दिली की मरते. संपूर्ण उतरवूनच चार्जिंगला लावा हा सल्ला जुन्या निकेल बॅटरीचा, लिथियमला तो लागू नाही.

काकांनी ते मशीन परत नाही केलं. 18 चं म्हणून बघितलं तर काम बरं करतंय म्हणाले, फक्त पडद्याचे रॉड बसवायला परवा माझं 12 चं घेऊन गेलेत, अजून आणून दिलेलं नाही.