सिमारॉन आणि तिच्या बहिणी

श्रोतेहो, नमस्कार.

७ मे १९४२ची सकाळ. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला कोरल समुद्रावर जपानी टेहळणी विमानं घिरट्या घालताहेत. त्यांतल्या एकाला खाली दोन जहाजं दिसतात आणि बिनतारी निरोप जातो : एक विमानवाहू नौका, एक क्रूझर. निरोप मिळायचा अवकाश, 'शोकाकू' आणि 'झुइकाकू' या विमानवाहू नौकांवरून सत्तरहून जास्त विमानं उडाली. जागेवर पोचून पाहतात तर विमानवाहू नौका नाहीच. आहे 'निओशो' नावाचं अमेरिकन नौदलाचं तेलाचं जहाज आणि तिच्या राखणीला एकुलती एक विनाशिका, 'सिम्स'. जपान्यांनी आसपासचा समुद्र बराच वेळ धुंडाळला. हाती काही लागलं नाही, तेव्हा या दोघींवरच त्यांनी राग काढला. सिम्स बुडाली. निओशोवर सात बॉम्ब नेमके पडले, वर एक विमानही येऊन आदळलं.

इतिहासकार या टेहळ्याला नावं ठेवतात. मला त्याची थोडी कणव येते. कारण त्याच वर्षी निओशोच्याच साच्यातल्या चार जहाजांवर अमेरिकेनं धावपट्टी बसवली आणि त्यांच्या खरोखरच्या विमानवाहू नौका केल्या : सँगामन, सुवानी, शनँगो आणि सँटी. म्हणजे तो चुकला, पण अगदीच काही भलतं बोलला नाही.

आज मी तुम्हाला या साच्याचीच गोष्ट सांगणार आहे. नौदलाच्या भाषेत याला 'सिमारॉन क्लास' म्हणतात. एका आराखड्यावर बांधलेली जहाजं ती एकमेकींच्या बहिणी, आणि थोरलीचं नाव ते घराण्याचं नाव.

गोष्ट थोडी मागून सुरू करायला हवी. जहाजं कोळशावर चालत तेव्हा इंधन घेणं म्हणजे शिक्षाच. बंदर गाठा, पोती चढवा, आणि मग काळेठिक्कर झालेले खलाशी दिवसभर जहाज धूत बसणार. तेल आलं आणि नळीनं काम भागू लागलं. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, अमेरिकेच्या विनाशिका अटलांटिक ओलांडून आयर्लंडकडे निघाल्या. एवढा पल्ला त्यांच्या टाक्यांत मावत नव्हता. तेव्हा 'मॉमी' नावाच्या तेलवाहू जहाजानं ग्रीनलंडच्या दक्षिणेला त्यांना चालता चालता तेल पाजलं. ही जुळवाजुळव करणाऱ्यांत मॉमीवरचा एक तरुण अधिकारी होता, चेस्टर निमित्झ. याच मॉमीची डिझेल इंजिनं पाहुण्यांना दाखवताना निमित्झचा हातमोजा दातेरी चाकांत सापडला आणि बोटाचं पेर गेलं. बोटातली अंगठी आड आली म्हणून हात वाचला. पुढे पॅसिफिकमधल्या अख्ख्या अमेरिकन आरमाराची सूत्रं याच हातात आली.

आता १९३८. नौदलाला वेगवान टँकर हवे होते, पण पैसा नव्हता. स्टँडर्ड ऑइल कंपनीला टँकर हवे होते, पण वेग नको होता. कारण वेग म्हणजे जादा इंधन, आणि व्यापाऱ्याला तेरा-चौदा नॉट (जहाजाचा वेग नॉटमध्ये मोजतात) पुष्कळ. मग एक व्यवहारी तोड निघाली. बारा जहाजं कंपनीनं बांधायची आणि जादा वेगासाठी लागणाऱ्या मोठ्या इंजिनांचा वाढीव खर्च सरकारनं सोसायचा. अट एकच : गरज पडली की जहाज नौदलाचं. आपल्याकडे भाऊबंदकीत विहीर सामायिक असते, तसाच हा प्रकार. त्या विहिरीतून पुढे नौदलानंच सगळं पाणी उपसलं ही गोष्ट वेगळी.

थोरली बहीण सिमारॉन पेनसिल्व्हेनियातल्या चेस्टर गावच्या गोदीत बांधली गेली आणि मार्च १९३९मध्ये नौदलात दाखल झाली. लांबी ५५३ फूट, रुंदी ७५ फूट, वेग १८ नॉट, आणि पोटात सुमारे १ लाख ४६ हजार पिंपं तेल. सगळ्या बहिणींना नावं दिली ती नद्यांची : सिमारॉन, निओशो, प्लॅट, सबीन. युद्ध संपेपर्यंत या घराण्यात तीसहून जास्त जहाजं झाली.

चालत्या जहाजातून चालत्या जहाजात तेल कसं देतात, हे जरा जवळून पाहू. दोन जहाजं शेजारी शेजारी एकाच वेगानं चालतात. मधे अंतर साधारण शंभर फुटांच्या आत-बाहेर. एका डेकवरून बंदुकीनं बारीक दोरी उडवायची. पलीकडच्यांनी ती पकडायची, तिला बांधून जाड दोर ओढायचा, आणि त्याच्यामागून नळी. नळी झोळीत घालून डोलकाठीवरून टांगलेली, कारण ती ताणली की तुटणार आणि सैल सोडली की लाटेत सापडणार. अंतर कळावं म्हणून मधे एक वेगळी दोरी. तिला ठरावीक फुटांवर रंगीत फडकी बांधलेली. खरी मेख मात्र पाण्यात असते. दोन जहाजांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात पाणी जोरात धावतं, तिथला दाब घटतो आणि दोन्ही जहाजं एकमेकांकडे ओढली जातात. सुकाणूवरचा खलाशी एका-दोन अंशांचा खेळ तासन्‌तास खेळत असतो. दोर तोडायला कुऱ्हाड हाताशी ठेवलेलीच असते. नळी जोडली की तेलाबरोबर टपालाच्या पिशव्याही पलीकडे जातात, आणि मला वाटतं विनाशिकेवरची पोरं तेलापेक्षा त्यांचीच जास्त वाट पाहत असतील.

विनाशिकांना असं तेल देणं १९१७पासून जमत होतं. विमानवाहू नौकेसारखं धूड शेजारी घ्यायला मात्र कुणी धजत नव्हतं. जून १९३९मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत 'साराटोगा'नं 'कनावा' या जुन्या टँकरकडून तेल घेऊन पाहिलं. या प्रयोगांमागेही निमित्झच होता.

तीन वर्षांनी त्याचा उपयोग झाला. एप्रिल १९४२मध्ये टोकियोवर बॉम्ब टाकायला अमेरिकन वैमानिक डूलिटलची १६ विमानं 'हॉर्नेट'वरून निघाली. हॉर्नेटबरोबर सिमारॉन होती आणि सोबतच्या 'एंटरप्राइज'बरोबर सबीन. १७ एप्रिलला खवळलेल्या समुद्रात शेवटचं तेल देऊन या दोघी मागे राहिल्या आणि विमानवाहू नौका आणि क्रूझर पश्चिमेकडे सुसाट निघाल्या. टोकियोच्या गोष्टीत डूलिटलचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. सबीनचं कोण घेतो?

निओशोकडे परत येऊ. ती अगदीच अनोळखी नव्हती. ७ डिसेंबर १९४१ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा ती फोर्ड बेटाच्या धक्क्याला, युद्धनौकांच्या रांगेतच उभी होती. विमानाचं पेट्रोल नुकतंच उतरवून झालेलं. ऐकणाऱ्याला वाटतं, टाक्या रिकाम्या म्हणजे सुटलो! उलट आहे, पेट्रोलच्या रिकाम्या टाकीत वाफ कोंडलेली असते आणि ती पेट्रोलाहून वाईट. कप्तान जॉन फिलिप्स यांनी ओढनौकेची वाट न पाहता जहाज मागे काढलं आणि उलथलेल्या 'ओक्लाहोमा'च्या बाजूनं बाहेर नेलं. जपान्यांनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट सोडली, ती म्हणजे बंदराकाठच्या तेलाच्या टाक्या. त्यांत ४५ लाख पिंपं तेल होतं. ते जळालं असतं तर युद्ध आणखी दोन वर्षं लांबलं असतं, असं निमित्झ यांनी पुढे म्हटलं.

कोरल समुद्रात निओशो लगेच बुडाली नाही. तिला तरंगत ठेवलं ते तिच्या टाक्यांनी. ऑस्कर पीटरसन या बॉयलरवरच्या जुन्या खलाशानं भाजलेल्या हातांनी वाफेचे व्हॉल्व्ह बंद केले आणि काही दिवसांत प्राण सोडला. काही जण हुकूम नीट न कळल्यानं तराफ्यांवर उतरून वाहून गेले. आणि घात झाला तो नकाशावर : जहाजाची जागा मोजताना चूक झाली, तीच बिनतारीवरून कळवली गेली, त्यामुळे शोधणारे भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. चार दिवस ते मोडकं जहाज कलंडत वाहत राहिलं. ११ मेला 'हेन्ली' या विनाशिकेनं १२३ जणांना उतरवून घेतलं आणि निओशोला आपल्याच हातानं बुडवलं. तराफ्यांवरच्यांपैकी फक्त चौघे आणखी काही दिवसांनी सापडले.

डिसेंबर १९४४मध्ये तेलासाठीच आणखी एक अनर्थ झाला. फिलिपिन्सच्या पूर्वेला ॲडमिरल हॉल्सी यांचा ताफा टँकरांना भेटला आणि टायफून अंगावर आला. विनाशिकेच्या टाक्या रिकाम्या झाल्या की तोल राखायला त्यांत समुद्राचं पाणी भरतात, पण तेल घ्यायचं तर ते आधी उपसावं लागतं. 'स्पेन्स' तळाला टेकलेल्या तेलावर, नळीची वाट पाहत हलकी होऊन डोलत होती. नळ्या तुटत राहिल्या. स्पेन्स, 'हल' आणि 'मोनाहन' उलटल्या आणि ताफ्यातली सुमारे ७९० माणसं गेली.

युद्धानंतर या बहिणी मोडीत निघाल्या असत्या, पण कोरिया आणि व्हिएतनाम आले. साठीच्या दशकात आठ जणींना मधोमध कापून ९१ फुटांचा नवा तुकडा जोडला. फाटलेल्या परकराला पट्टी लावतात तसा. थोरली सिमारॉन मात्र आहे त्या अंगानं १९६८पर्यंत राबली.

आपल्या नौदलात या कामाच्या जहाजांना नद्यांची नाही, बहुतेक उजेडाची नावं : दीपक, ज्योती, आदित्य. पहिली दीपक जर्मनीतल्या ब्रेमेनहून १९६७मध्ये आली. आताची इटलीत बांधलेली, जानेवारी २०११मध्ये मुंबईत दाखल झालेली. ४ डिसेंबर १९७१च्या कराचीवरच्या हल्ल्यातल्या निपात, निर्घात, वीर या क्षेपणास्त्रनौका आपल्याला पाठ आहेत. त्या मोहिमेत एक टँकरही होता. त्याचं नाव 'पोषक'. इतकं नेमकं नाव मी दुसऱ्या कुठल्या जहाजाचं ऐकलेलं नाही.

आणि आता या गोष्टीतली शेवटची बहीण, 'मिसिसिनेवा'. २० नोव्हेंबर १९४४च्या पहाटे पॅसिफिकमधल्या उलिथीच्या खाजणात ती नुकतीच काठोकाठ भरून नांगरलेली होती. जपानचा पहिला मानवी पाणतीर, आत माणूस बसवलेला, तिच्यावर येऊन फुटला. त्रेसष्ट जण गेले आणि जहाज उलटं होऊन तळाशी बसलं. २००१मध्ये वादळानंतर त्या गंजलेल्या सांगाड्यातून तेल झिरपायला लागलं आणि उलिथीच्या कोळ्यांची मासेमारी बंद पडली. २००३मध्ये अमेरिकन नौदलाचे पाणबुडे तिथं गेले, टाक्यांना भोकं पाडली आणि सुमारे १८ लाख गॅलन तेल नळीनं वर खेचून घेतलं. या खेपेला नळी उलट्या दिशेनं चालली होती.