बाटली लावण्याआधी खोली बघा

[मिरज स्टेशन, पहाट]

पहाटेची गाडी मिरजेला लागली की उतरणाऱ्यांत एक्स-रेचं मोठं पाकीट काखेत मारलेला माणूस हमखास दिसतो. कुणी जतचा, कुणी अथणीचा. विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरानं 1894 साली इथं दवाखाना उभारला, 1962 मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं. दुखणं हाताबाहेर गेलं की 'मिरजेला न्या' हे या भागात कुणाला सांगावं लागत नाही.

तेवढाच जुना नसला, तरी तेवढाच पक्का दुसरा विश्वास आहे सलाईनवरचा. 'अंगात त्राण नाही डॉक्टर, लावा की एक बाटली!' द्राक्षाची छाटणी उरकली, बाटली. घरचं लग्न पार पडलं, बाटली. गोळ्या खाणाऱ्याला कुणी आजारी धरत नाही. सलाईन लागलं की मात्र पाहुणे शहाळं घेऊन दारात.

[मोबाईलचा पडदा, पिवळ्या बाटलीची जाहिरात]

आता ही बाटली पिवळी झालीय आणि तिचं नाव बदललंय. व्हिटॅमिन ड्रिप, ग्लो ड्रिप. खाट जाऊन सोफा आला.

बाटलीत काय असतं, ते आधी बघू. 5 टक्के डेक्स्ट्रोजच्या 500 मिलीत साखर असते 25 ग्रॅम. ज्वारीच्या एका भाकरीत याहून जास्त ताकद मिळते. पिवळा रंग मुख्यतः बी-2चा. बी आणि सी ही जीवनसत्त्वं पाण्यात विरघळणारी, शरीराला नको असलेली बरीचशी लघवीवाटे निघून जातात. दुसऱ्या दिवशी लघवी पिवळीजर्द झाली, म्हणजे औषध लागू पडलं असं नव्हे. पैसे वाहून चाललेत.

शिरेतून जीवनसत्त्वं द्यावी लागतात, नाही असं नाही. पोटात काही ठरतच नसेल, आतड्याचं मोठं ऑपरेशन झालं असेल, तेव्हा. बी-12 फारच कमी असेल तर इंजेक्शन देतात, पण ते बहुधा दंडात किंवा कमरेत. आणि गोरं होण्यासाठी जे ग्लुटाथायोन शिरेतून देतात, त्याला त्या कामासाठी आपल्याकडच्या औषध नियामकाची मान्यताच नाही.

म्हणून दवाखाना निवडताना पहिल्यांदा बघायचं, तिथं तुम्हाला काय विचारतात ते. बीपी घेतलं का? किडनीचा, हृदयाचा त्रास, कसली ॲलर्जी, चालू गोळ्या, दिवस गेलेत का, हे विचारलं का? हृदय कमजोर असलेल्याला अर्धा लिटर पाणीसुद्धा जड जाऊ शकतं. जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम जन्मतः कमी असलेल्याला व्हिटॅमिन सीचा मोठा डोस दिला, तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. तपासणीऐवजी हातात रेटकार्ड ठेवत असतील, तर चप्पल घालावी आणि निघावं.

भिंतीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक शोधा. तो लावणं बंधनकारक आहे. पण बोर्डावरचे डॉक्टर आणि सुई टोचणारा हात यांचा काही संबंध आहे का, तेही विचारा. 'डॉक्टर फोनवर आहेत' हे उत्तर चालत नाही.

[कोपऱ्यातल्या बादल्या, जवळून]

माझं लक्ष मात्र सोफ्यावरून या कोपऱ्याकडं जातं. दवाखान्याची खरी कुंडली कचऱ्यात असते. वापरलेली सुई पांढऱ्या, टोचून आरपार जाणार नाही अशा डब्यात. नळी आणि प्लास्टिकची बाटली लाल पिशवीत. रक्ताचा कापूस पिवळ्या. फुटलेल्या काचेच्या ॲम्प्यूल निळ्या डब्यात. 2016 च्या नियमांत हे रंग ठरलेत. सगळं एकाच बादलीत कोंबलेलं दिसलं, तर आतल्या टेबलावर काय चालत असेल याचा अंदाज येतो.

औषध तुमच्यासमोर फोडायला सांगा. लाजू नका, भाजी घेताना आपण वांगं उलटून बघतोच की. बाटलीचं सील शाबूत हवं, मुदत वाचून घ्या. व्हिटॅमिन मिसळण्याआधी उजेडात धरली तर पाणी नितळ दिसलं पाहिजे. आधीच टोचलेली, उरलेली बाटली दुसऱ्याला लावली की तिच्यातून जंतू जातात, काविळीचे विषाणूही जाऊ शकतात.

मग एकच प्रश्न. 'ॲड्रेनलीन आहे का?' बी-1सारख्या साध्या व्हिटॅमिनचीही शिरेतून देताना क्वचित जोराची रिॲक्शन येते. घसा आवळतो, बीपी कोसळतं. तेव्हा मांडीत लगेच ॲड्रेनलीन द्यावं लागतं, 108 ची गाडी येईपर्यंत थांबून चालत नाही. ॲम्प्यूल काढून दाखवली, तर बसा. नुसतेच हसले, तर उठा. घरी येऊन बाटली लावणाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारा.

[सांगली, एक छोटा दवाखाना]

इथं डॉक्टरीण बाईंनी एका आजींची नाडी बघितली, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, हिमोग्लोबिनची चिठ्ठी लिहिली. बाटली काही लावली नाही.

"मग आले कशाला मी?" आजी म्हणाल्या.

बाहेर येऊन त्यांनी रिक्षावाल्याला विचारलं, "बाळा, बाटली लावणारा डॉक्टर कुठं बसतो रे?"