जामिनाची तारीख आणि नळाची वाट

नमस्कार श्रोतेहो. पोक्सो म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा. त्याच्या केसमध्ये आरोपीला अटक झाली की लेकराच्या घरच्यांना वाटतं, सुटलो. मग एके सकाळी तोच माणूस पारावर तंबाखू मळताना दिसतो. जामीन झालेला, आणि लेकराच्या आईला पत्ताच नाही! असं होऊ नये म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली सांगून ठेवलंय, जामिनाचा अर्ज आला की मुलाच्या घरच्यांना नोटीस गेलीच पाहिजे. आधी नोटीस, मग सुनावणी.

एका बाईंचं सांगते. बाल कल्याण समितीने मला त्यांच्या सोबतीला नेमलं होतं. नोटीस आली तर त्या उलट घाबरल्या. "ताई, आमच्यावरच केस झाली काय?" त्यांचा काय दोष? कागदावर ‘उपरोक्त’ काय, ‘सबब’ काय! हे कोर्टाचं मराठी कुणाच्या घरात बोलतात, मला एकदा ते घर बघायचंय. असो.

तारखेला बाई भाकरी बांधून आल्या. साडेदहापासून बाकावर. पुकारा झाला तीनला. आरोपीचे वकील बोलले, सरकारी वकील बोलले. मग साहेबांनी विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?" मला वाटलं, आता रडतात. बाईंनी पदर सारखा केला. म्हणाल्या, "साहेब, जामीन द्यायचा का नाही ते तुम्ही बघा. पण त्याचं दार आमच्या नळाच्या वाटेवर आहे. तो धरला जाईस्तोवर पोरगी पाण्याला गेली नाही. आता कुठं जायला लागलीय."

हा नळ एकाही कागदात नव्हता. फिर्यादीत नाही, जबाबात नाही. साहेबांनी लिहून घेतलं. जामीन झाला, पण खटला संपेपर्यंत गावच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही, या अटीवर.

म्हणून परत सांगते, नोटीस आली तर जा. जामिनाला विरोध करता येतो, अट मागता येते. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, तिथं फुकट मिळतो. अट मोडली, धमकी आली, तर जामीन रद्द करा म्हणून अर्ज करता येतो. मुलांसाठीचा नंबर लिहून घ्या, १०९८. पुन्हा सांगते, दहा, नऊ, आठ.

आणि जामिनाच्या तारखेला लेकराला बरोबर नेऊ नका. आईबाप गेले तरी चालतं. त्याला त्या दिवशी शाळेत जाऊ द्या.