वरून घातलेला दांडा

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका लहानशा कुऱ्हाडीबद्दल बोलायचं आहे. तिला टॉमाहॉक म्हणतात. पातं तळहातात मावेल एवढं, दांडा हातभर. जंगलात मुक्कामाला जाताना मी हीच नेतो. माझी मी स्वतः घडवलेली आहे. पात्याचं वजन ४३० ग्रॅम, दांडा ४८ सेंटिमीटरचा, आणि दोन्ही मिळून साडेसहाशे ग्रॅमच्या आत. पाठीवर ओझं घेऊन दिवसभर चालणाऱ्याला या आकड्यांचा अर्थ खांद्यावरून कळतो.

या हत्याराचं सगळं मर्म नेढ्यात आहे. नेढं, म्हणजे दांडा जिथून जातो ते भोक. सुईला असतं तसंच कुऱ्हाडीलाही. पाचरीच्या कुऱ्हाडीत दांडा खालून शिरतो आणि वरून पाचर ठोकून तो फुगवतात. टॉमाहॉकचा दांडा वरून घालतात. कुदळ आठवा. कुदळीचा दांडा वरून सोडला की त्याचं जाड डोकं नेढ्यात अडकतं, अगदी तसंच. नेढं वर जरा मोठं, खाली जरा लहान. घाव घालताना पातं निसटायला बघतं आणि त्याच ओढीनं दांड्याच्या जाड टोकावर आणखी आवळलं जातं. पुन्हा सांगतो, दांडा वरून, आणि घाव घालाल तसा घट्ट. पाचर नाही, खिळा नाही.

शब्द उत्तर अमेरिकेतला, व्हर्जिनियाच्या मूळ रहिवासी पोव्हाटन लोकांच्या भाषेतून इंग्रजांनी उचललेला. लोखंडी पाती आली ती युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर. १८०४-०५ च्या हिवाळ्यात अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळायला निघालेली लुईस आणि क्लार्क यांची मोहीम आजच्या नॉर्थ डकोटात, मूळ रहिवासी मंडान लोकांच्या वस्तीजवळ मुक्कामाला होती. मोहिमेतल्या लोहारांनी तिथे भाता लावला, मंडान लोकांना हव्या त्या घाटाच्या कुऱ्हाडी घडवून दिल्या आणि बदल्यात मका घेतला. त्या मक्याचा मोहिमेला हिवाळ्यात मोठा आधार झाला. लोहाराच्या हाताला इतिहासाच्या पुस्तकांत फार थोडी जागा मिळते, हे मला नेहमी खटकतं. नकाशे काढणाऱ्यांची नावं सगळ्यांना पाठ, आणि ज्याच्या ऐरणीमुळे ते जेवले त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. त्यातल्या एकाचं नाव जॉन शील्ड्स होतं. लक्षात ठेवा.

घडवण्याबद्दल थोडक्यात सांगतो. मध्यम कार्बनचं पोलाद घ्यावं, अर्धा टक्का किंवा थोडा जास्त कार्बन असलेलं. जुन्या हातोडीचं डोकं त्यासाठी उत्तम. रेल्वेच्या खिळ्यापासून पुष्कळ जण टॉमाहॉक करतात, दिसतेही देखणी, पण त्या खिळ्यात कार्बन कमी असतो, धार टिकत नाही. ज्यानं काम करायचं त्याला धार हवी. नेढं पाडताना निमुळता सुंभा, म्हणजे भोक पाडायची लोखंडी कांब, ठोकून ठोकून ते वाढवायचं, घाई करायची नाही. मग धारेचा भाग लाल तापवून चुंबक लावून बघायचा. चुंबक धरेनासं झालं की पोलाद साधारण ७७० अंशांपुढे गेलं. अजून किंचित तापवायचं आणि तेलात बुडवून झटकन गार करायचं, म्हणजे ते कडक होतं. यालाच पाणी देणं म्हणतात. त्यानंतर ते काचेसारखं ठिसूळ होतं, म्हणून पुन्हा सावकाश तापवायचं, गवती पिवळा रंग जाऊन तपकिरी झाक येईपर्यंत. पाणी फक्त धारेला. नेढ्याचा भाग मऊच राहू द्यायचा, नाहीतर तो तडकतो.

आता जी गोष्ट सांगायला मी आज इथे बसलो आहे, ती सांगतो.

चार दिवसांच्या भटकंतीला आम्ही पाच जण निघालो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी पावसानं गाठलं आणि संध्याकाळपर्यंत थांबला नाही. तंबू कसेबसे उभे केले. सगळं लाकूड भिजलेलं. अशा वेळी जाड फांदी उभी फाडून आतलं कोरडं लाकूड काढावं लागतं. मी तेच करत होतो. हात ओले, उजेड कमी, आणि एक घाव लांब पडला. पातं लाकडापलीकडे गेलं आणि दांडा फांदीच्या कडेवर आपटला. पात्याच्या खाली दोन बोटांवर कडकन मोडला.

आमच्यात अण्णा म्हणून एक वडीलधारे आहेत. त्यांच्याकडे मोठी कुऱ्हाड होती, पाचरीची. म्हटलं, "अण्णा, आता तुमची काढा." त्यांनी काढली, तर पातं खुळखुळत होतं. उन्हाळाभर कोरड्या जागी पडून दांडा आटला होता. सैल पात्याची कुऱ्हाड चालवू द्यायला कुणी तयार होईना, आणि तेच बरोबर होतं. अण्णांनी ती पाण्यात बुडवून ठेवली. लाकूड फुगून पातं रात्रीपुरतं बसतं, पण वाळलं की पहिल्यापेक्षा सैल होतं.

मी पातं हातात घेतलं. मोडका तुकडा नेढ्यात तसाच होता. खालून एक काटकी लावून दगडानं दोन ठोके दिले आणि तो वरून अलगद बाहेर आला. पाचरीच्या कुऱ्हाडीचा मोडका दांडा काढायला कधी कधी दिवस जातो. इथे दोन ठोके.

अण्णा म्हणाले, "अरे, पण दांडा कुठून आणणार?"

दांडा उभाच होता. एका झाडावर मनगटाएवढी वाळलेली फांदी होती, उभ्यानं वाळलेली. जमिनीवर पडलेली कुजते, उभी वाळलेली आतून खणखणीत राहते. हे लक्षात ठेवा, उभी वाळलेली. ती मोडून आणली. फांदी बुडाशी जाड आणि शेंड्याकडे बारीक असते, म्हणजे टॉमाहॉकच्या दांड्याला हवा तो उतार झाडानंच दिलेला असतो. पातं मुठीत धरून, तासणीसारखं वापरून, मी फांदी सोलायला बसलो. दांड्याशिवायचं पातं ही चांगली तासणी असते, फक्त बोटं धारेच्या मागे ठेवायची.

मग नेढ्यात बसवण्याचं काम. त्यासाठी काजळी लागते. अण्णांनी तोवर मेणबत्तीवर काटक्यांचा मूठभर विस्तव पेटवला होता, आणि तेवढा पुरला. जंगलात पुरुषभर उंच जाळ करणारी माणसं मला आवडत नाहीत. त्यांना ऊबही मिळत नाही, कारण जवळ बसता येत नाही. तर, त्या विस्तवातला कोळसा नेढ्याच्या आत घासला, दांडा वरून सोडला आणि बाहेर काढला. जिथे काळं लागलं तिथे लाकूड जास्त. तेवढंच तासायचं, पुन्हा सोडायचं, पुन्हा काढायचं. मी हे वीस-पंचवीस वेळा केलं असेल. शेवटी सगळीकडे सारखा काळा डाग उठला, म्हणजे लाकूड नेढ्याला चहूकडून टेकलं.

मग कुऱ्हाड उलटी धरायची, पातं खाली, आणि दांड्याचं जाड टोक ओंडक्यावर ठोकायचं. दांडा थांबतो, पातं जडपणानं पुढे सरकतं आणि आवळतं. तीन ठोके दिले. अण्णांनी पातं धरून ओढून पाहिलं, पिळून पाहिलं. हललं नाही. काही न बोलता त्यांनी ती माझ्या हातात परत दिली आणि फाडायची फांदी समोर सरकवली.

उरलेल्या दोन्ही रात्रींचं लाकूड त्या वाकड्या दांड्यानं फाडलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, अशी आपल्याकडे म्हण आहे. मला ती दांड्यावर अन्याय करणारी वाटते. प्रत्येक घावाचा हादरा तो सोसतो म्हणून आपलं मनगट शाबूत राहतं.

वापराबद्दल दोन-तीन गोष्टी. हलक्या पात्याला जोर मनगटाच्या वेगातून येतो. अंगाचा भार टाकू नका. मनगटापेक्षा जाड लाकूड असेल तर पातं त्यात टेकवून मागून लाकडी दांडक्यानं ठोका. लोखंडी हातोडी कधीही मारू नका, नेढं वाकडं होतं आणि नेढं गेलं की सगळं गेलं. फाडताना गुडघ्यावर बसा. चुकलेला घाव मग जमिनीत जातो, नडगीवर येत नाही. दांडा ओला असेल तर आधी पुसा. त्या संध्याकाळी मी पुसला नव्हता.

दांड्याला वर्षातून दोनदा जवसाचं तेल, पात्याला कामानंतर पुसून तेलाचा हात.

आणि प्रवासात मी दांडा काढूनच ठेवतो. पातं कातडी म्यानात, दांडा पिशवीच्या कडेला. मुक्कामावर पोहोचलं की दांडा वरून सोडायचा, उलटी धरून ओंडक्यावर तीन ठोके.

नमस्कार.