ते फडकं धुऊ नका

श्रोतेहो, नमस्कार.

मूल दत्तक घेण्यासाठी नाव नोंदवलेली जोडपी मला भेटतात, तेव्हा बहुतेक जण एकच वाक्य बोलतात. "कागदपत्रं दिली, समाजसेविका घर बघून गेल्या, यादीत नाव लागलं. आता आपल्या हातात काही नाही, फोनची वाट बघायची." हे ऐकलं की मला राहवत नाही. आपल्या हातात पुष्कळ आहे. आज मी त्यातली एकच गोष्ट धरून बोलणार आहे. विचारा आणि लिहून ठेवा. बाळाला आजवर ज्यांनी सांभाळलं, त्यांना विचारा आणि लिहून ठेवा.

आमची लेक घरी आली तेव्हा अकरा महिन्यांची होती. आम्ही जय्यत तयारी केली होती. भिंतींना नवा रंग, नवा पाळणा, नवी दुपटी, सगळं कोरं करकरीत. शिशुगृहातून निघताना तिला सांभाळणाऱ्या मावशींनी माझ्या हातात एक फडकं ठेवलं. जुनं, सुती, कडा विरलेल्या. "हे तिच्याजवळ असू द्या," एवढंच म्हणाल्या. निघायची घाई होती, मी मान हलवली. घरी आल्यावर पहिलं काम काय केलं, तर ते फडकं गरम पाण्यात साबण लावून धुतलं. बाळाला सगळं स्वच्छ हवं, एवढंच डोक्यात. दोरीवर ते वाळत घातलं तेव्हा मला केवढं समाधान वाटलं होतं!

त्या रात्री ती झोपली नाही. रडलीही नाही. डोळे टक्क उघडे, मुठी आवळलेल्या. दुसऱ्या रात्री मात्र पहाटेपर्यंत रडली. आम्ही दोघं आळीपाळीने तिला खांद्यावर घेऊन फिरत होतो. मी ते फडकं तिच्या हातात दिलं. तिने नाकाशी नेलं आणि टाकून दिलं. पुन्हा दिलं, पुन्हा नाकाशी नेलं, पुन्हा टाकलं. हे मी डोळ्यांनी बघत होते, तरी मला उमगलं नाही.

तिसऱ्या दिवशी नवऱ्याने शिशुगृहात फोन लावला. मावशी आल्या फोनवर. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "फडकं धुतलंत का?"

आम्ही दोघं गप्प. मावशी रागावल्या नाहीत. शांतपणे सांगत गेल्या. खोलीत रात्रभर बारीक दिवा असतो, अंधाराची तिला सवय नाही. आजूबाजूला बाकीची बाळं, त्यांची खुडबुड, कुणाचं तरी रडणं, तुमच्याकडे फार सामसूम असेल. पाठीवर थोपटू नका, दचकते. भुवयांच्या मधून वर कपाळावर बोट फिरवत राहा. हाताला लागलं त्या पाकिटाच्या मागे नवरा लिहून घेत होता.

त्या रात्री आम्ही बारीक दिवा ठेवला, दार उघडं टाकलं, स्वयंपाकघरात रेडिओ अगदी हळू लावला आणि मी कपाळावर बोट फिरवत बसले. वीस मिनिटांत झोपली. फडक्याचा वास मात्र गेला तो गेलाच.

वास ही बाळाच्या लेखी किती मोठी गोष्ट असते! मॅकफार्लन या डॉक्टरांनी १९७५ साली दाखवून दिलं, की जेमतेम आठवड्याचं तान्हं बाळसुद्धा अनोळखी बाईच्या दुधाच्या वासापेक्षा आपल्या आईच्या दुधाच्या वासाकडे जास्त वळतं. आमच्या लेकीने अकरा महिने जे जग ओळखलं होतं, ते एका दुपारी सुटलं. त्यातलं हातभर फडकं सोबत आलं होतं, तेही मी धुतलं.

म्हणून पुन्हा सांगते. प्रश्नांची वही आत्ताच करा, फोन येण्याआधी. झोप कशी लागते, कशाने दचकतं, दूध किती गरम लागतं, कुणाकडे झेपावतं. विचारा आणि लिहून ठेवा. मुलाच्या मुळाची माहिती जपली पाहिजे, हे एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या दत्तकासाठीच्या १९९३ च्या हेग या आंतरराष्ट्रीय करारातही आहे. सरकारं दप्तर जपतील, पण कपाळावरचं बोट दप्तरात नसतं. आणि तिथले फोटो मिळाले तर छापून घ्या. फोनमधले फोटो पुष्कळदा फोनमध्येच राहून जातात. मुलांना हातात धरता येणारा फोटो लागतो.

वैद्यकीय अहवाल तुमच्याबरोबर बसून वाचणारे बालरोगतज्ज्ञ आधीच शोधून ठेवा. मूल न झाल्याचं दुःख असेल, तर ते एकमेकांजवळ मोकळं करा. त्या दुःखावरचं औषध होण्याचं काम बाळाकडे देऊ नका. आणि 'दत्तक' हा शब्द घरात मोठ्याने बोलायची सवय आत्तापासून करा, म्हणजे बाळाला त्याची गोष्ट पहिल्या दिवसापासून सांगता येईल. त्याला कळत नाही तेव्हाच आपली जीभ सरावते.

"केवढं पुण्याचं काम केलंत," असं लोक म्हणतील, मुलासमोरही म्हणतील. मला ते अजिबात आवडत नाही. आम्हाला मूल हवं होतं, ते मिळालं. यात उपकार कुणावर?

ते पाकीट मी जपून ठेवलंय. लेक आता चौदा वर्षांची आहे. मागच्या महिन्यात तिने ते मागून घेतलं, दोनदा वाचलं आणि विचारलं, "आई, त्या मावशींचं नाव काय गं?"

पाकिटावर ते नाही. आम्ही विचारलंच नव्हतं. तुमच्या वहीत पहिल्या ओळीवर ते नाव असू द्या.

नमस्कार.